सव्वीसच्या जागी सत्तावीस

“ह्यांच्याकडे बादली उजव्या हाताला ठेवतात. उजव्या हाताला कोण ठेवतं बादली.” बाथरूमच्या आत आई स्वतःशीच पुटपुटत होती आणि मी बाहेर टॉवेल घेऊन उभी होते. दाराची कडी मी केव्हाच काढून टाकली आहे, त्यामुळे दार लावलं तरी बोटभर उघडं राहतं आणि त्या फटीतून वाफ, साबणाचा वास आणि आईच्या तक्रारी एकदमच बाहेर येतात. तिचा हात डावीकडे चाचपडत होता. दादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे, बादली डावीकडे असते. धाकट्या बहिणीकडे बादलीच नाही, शॉवर आहे, आणि आई त्याला घाबरते. बाबा गेल्यापासून आई अशी फिरते आहे, दर घरी चार महिने. बारा महिने, तीन मुलं, प्रत्येकाला चार, कुणी बोट दाखवायला नको. माझे चार महिने या महिनाअखेरीला संपणार होते. ती बाहेर आली, मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळलं, पाठ टिपली, केसांची ती एवढीशी उरलेली वेणी मोकळी केली. तेव्हा तिने माझं मनगट धरलं, माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि फार सौजन्याने म्हणाली, “तुम्हाला माझ्यामुळे उशीर होतोय, बाई. नोकरी असेल ना तुम्हाला?”

आधी मला वाटलं, टोमणा आहे. आमची आई रागावली की तुम्ही म्हणायची. या, बसा, तुमचीच वाट बघत होतो, पाट मांडू का, असं. शाळेतून उशिरा आले की हे स्वागत ठरलेलं, आणि त्या प्रत्येक तुम्हीमध्ये एक अख्खी तू कमरेवर हात देऊन उभी असायची. म्हणून मी तिच्या चेहऱ्यावर तो टोमणा शोधला. डोळ्यांच्या कडेला शोधला, ओठांच्या कोपऱ्यात शोधला. नव्हता. खरंच तिला माझी काळजी वाटत होती, एखाद्या परक्या घरी उतरावं लागलं आणि त्या घरच्या बाईची आपण खोटी करतो आहोत, अशी काळजी. मी म्हटलं, नाही हो, होत नाही उशीर. ते हो आपोआप तोंडातून गेलं. त्रेपन्न वर्षांत मी तिला कधी अहो-जाहो केलेलं नाही, पण समोरच्याने एवढी अदब दाखवली की आपलीही जीभ आपोआप सरळ बसते. मग खालच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरीणबाई आल्या, त्या दिवसभर आईजवळ बसतात, आणि मी चपला घातल्या. जिन्यावर एकेक पायरी उतरताना मला वाटत होतं की काहीतरी घरात विसरलंय. डबा होता, किल्ल्या होत्या, चष्मा होता.

मी ज्या दवाखान्यात काम करते तिथे बावीस वर्षांची असताना टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. समोर भोकांचा फळा, हातात वायरी, आणि दिवसभर याला त्याच्याशी जोडून द्यायचं. पुढे तो फळा भंगारात गेला, मी मात्र गेले नाही. त्याच खोलीत कॉम्प्युटरच्या वायरी आल्या. त्यांच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं, म्हणून मी बघू लागले. खोक्यांमधून ज्या पुस्तिका येत त्या सगळे फेकून देत, मी घरी नेत असे. नवरा म्हणायचा, लोकांच्या बायका कादंबऱ्या वाचतात. तो गेला त्याला सहा वर्षं झाली. मुलगी लांब असते. दोन खोल्या आहेत, एक मी आहे. म्हणजे जागा आहे. जागा नाही असं मला कुणाला सांगताच येणार नाही.

पुस्तिकांतलं मला पहिल्यांदा कळलं ते चादरीवरून. दवाखान्यातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो. पत्ते सुटे मिळत नाहीत, अख्खा गठ्ठा मिळतो, आणि त्या गठ्ठ्याच्या शेवटी तिरकी रेघ मारून एक आकडा लिहिलेला असतो. चोवीस असेल तर दोनशे छप्पन्न पत्ते. पंचवीस झाले की एकशे अठ्ठावीस. सव्वीस म्हणजे चौसष्ट, सत्तावीस म्हणजे बत्तीस. आकडा एकाने वाढला की घर निम्मं होतं. मला हे आठवडाभर उलटं वाटत राहिलं, वाढतंय ते कमी कसं होतं. मग एका दुपारी दोरीवरची चादर काढताना हातांना कळलं, घड्या मोजायच्या आहेत. लहानपणी आई आणि मी चादरी घडी करायचो, दोन टोकांना दोघी. ताण गं, ती म्हणायची, मेलीच्या हातात जोर नाही. मग टोकाला टोक, अर्धी. परत टोकाला टोक, अर्ध्याची अर्धी. प्रत्येक घडीला आम्ही एकमेकींच्या जवळ यायचो, आणि शेवटच्या घडीला तिची बोटं माझ्या बोटांवरून चादर उचलून घ्यायची, तिच्या हातांना सोड्याचा वास यायचा, आणि तेवढ्यापुरतं तिचं तोंड अगदी माझ्या तोंडासमोर असायचं. एरवी तिला इतक्या जवळून बघायला मिळायचं नाही, सतत कामात असायची ती. मी मुद्दाम टोक सोडायचे, म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून. तर पत्ते असेच, घडीनेच वाटायचे. निम्मे, निम्म्याचे निम्मे. तीन सारख्या वाटण्या होत नाहीत, चार कराव्या लागतात. आणि प्रत्येक वाटणीतले दोन पत्ते वाया जातात. पहिला त्या घराच्या नावासाठी, शेवटचा घरातल्या सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. जितक्या वाटण्या जास्त, तितकं भिंतींत जास्त गेलं. आईचंही प्रत्येक घरात असंच होतं. पहिले पंधरा दिवस हे कुणाचं घर हे कळण्यात जातात, शेवटचे पंधरा दिवस सगळ्यांना हाका मारण्यात.

त्या महिन्यात आमचा दवाखाना एका मोठ्या दवाखान्याने घेतला होता. नव्या मालकांनी आमच्या इमारतीला गठ्ठा दिला पंचवीसचा, एकशे अठ्ठावीस पत्ते. आत्तापर्यंत आमच्याकडे दुप्पट होते आणि आम्ही ऐसपैस पसरलो होतो. आता मांडणी अशी. तपासणीकडचे आणि नर्सेसचे मिळून पन्नास कॉम्प्युटर. पंचवीस टेलिफोन. पंचवीस कॅमेरे. आणि मागच्या वॉर्डातल्या दहा पलंगांची दहा यंत्रं, ज्यांवर नाडी दिसते आणि बेल असते. चारी एकमेकांपासून वेगळे ठेवा, असा हुकूम. पन्नासांना चौसष्टचं घर, त्याखालचं त्यांना पुरत नाही. टेलिफोनला बत्तीसचं, कॅमेऱ्यांना बत्तीसचं. झाले एकशे अठ्ठावीस. दहा बाहेर. नवे साहेब माझ्या मुलीच्या वयाचे, शांत आणि सभ्य. त्यांनी कागदावर बेरीज केली आणि म्हणाले, एकशे दहाच होतात ना ताई, मग अठरा उरतात. मी सांगितलं, उरतात, पण एका ठिकाणी उरत नाहीत. इथे थोडे, तिथे थोडे, प्रत्येकाच्या घरात रिकामे पडलेले, आणि ते उचलून एकत्र करता येत नाहीत. त्यांनी मान हलवली. मला कळलं की त्यांना कळलं नाही, आणि त्यांना कळलं की मला कळलं. मग ते म्हणाले, त्या दहांचं नंतर बघू.

मागचा वॉर्ड म्हणजे जे घरी जात नाहीत त्यांचा. बरे होण्यासारखं काही नसतं आणि लगेच मरण्यासारखंही नसतं, अशी माणसं. नातेवाईक पुढच्या आठवड्यात नेणार असतात. एवढ्या वर्षांत एकाही नातेवाईकाने आम्ही नेणार नाही असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. लिफ्ट बंद असते, घराला रंग काढलेला असतो, पोरांच्या परीक्षा असतात. मी टेलिफोनवर होते तेव्हा हे सगळे फोन माझ्या हातातून जायचे, आणि कानाला हेडफोन लावलेली मी, पंचविशीची, मनात म्हणायचे, काय निगरगट्ट माणसं आहेत. चार दिवसांपूर्वी दादाचा फोन आला होता. आईचं काय चाललंय, जेवते का, झोपते का, आणि मग घसा साफ करून, “तुमच्याकडे मागे तो वॉर्ड आहे ना, तिथे कसं असतं गं?” मी म्हटलं, स्वच्छ असतं. मोठ्या सिस्टर चांगल्या आहेत. तो म्हणाला, सहज विचारलं. आणि मग मी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले की दहावा पलंग सध्या रिकामा आहे. तेही सहजच.

तर त्या दिवशी, ज्या दिवशी आईने मला तुम्ही म्हटलं, मी एक तडजोड केली. दहांना पन्नासांच्या घरात घातलं. हुकुमाविरुद्ध, पण साहेब म्हणाले तात्पुरतं करा. पन्नास आणि दहा साठ, घराबाहेरच्यांशी बोलायचं तर ज्या यंत्रातून जावं लागतं त्या दाराला एक पत्ता, एकसष्ट. चौसष्टातून नावाचा आणि हाकेचा वजा केला की बासष्ट. एक उरला. मला त्या उरलेल्या एकाचा उगाच आनंद झाला. मग मी वॉर्डात जाऊन एकेका पलंगाशी उभी राहून यंत्रांना नवे पत्ते देऊ लागले. बावन्न, त्रेपन्न, चौपन्न. पत्त्याच्या खाली आकडा, घर केवढं ते. पहिल्या पलंगाशी असतानाच मास्तरीणबाईंचा फोन आला, आईंनी पिशवी भरलीय आणि दाराशी बसल्यात, म्हणतात घरी जायचंय. मी म्हटलं, बसू द्या, पंख्याखाली बसवा. डाव्या कानाला फोन आणि उजव्या हाताने मी आकडा टाकला. सत्तावीस. पुढे सगळीकडे तेच बोटांनी आपोआप केलं, दहाही ठिकाणी सत्तावीस. दहाही ठिकाणी हिरवा दिवा लागला. दिवा वायर नीट बसली आहे एवढंच सांगतो, हे मी दुसऱ्यांना शिकवते.

अकरा वाजता मोठ्या सिस्टर आल्या. त्या धावत येत नाहीत, कधीच नाही, म्हणून त्या नेहमीपेक्षा जरा हळू चालत आल्या की काहीतरी बिघडलंय समजावं. म्हणाल्या, टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आमच्यापैकी कोणीच दिसत नाही आज. मी त्यांच्याबरोबर गेले. टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणत होता, दहाही माझ्याच घरातले आहेत, आणि त्यांना हाका मारत होता. हाका त्यांना ऐकू जात होत्या. पण त्यांना मी सत्तावीस सांगितलं होतं, म्हणजे तुमचं घर निम्मंच. त्यांच्या हिशेबी टेबल बाहेरचं होतं. बाहेरच्याला उत्तर द्यायचं तर आधी दाराशी जावं लागतं, आणि दारही त्या दुसऱ्या निम्म्यात. म्हणजे हाक ऐकू येते आणि ओ देता येत नाही. दहा फुटांवर. चौथ्या पलंगावर एक म्हातारे शिंपी आहेत, वॉर्डात सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात. त्यांच्या यंत्राने मोजून ठेवलं होतं, बेल अकरा वेळा दाबली. चादर ओली झाली होती आणि त्यांनी ती गुडघ्यांनी वर धरून ठेवली होती, अंगाला लागू नये म्हणून. मला पाहून तेच ओशाळले. म्हणाले, तुम्ही सगळ्या कामात असाल, म्हणून मग नाही दाबली. मी दहाही ठिकाणी सत्तावीसचं सव्वीस केलं. दहा मिनिटांचं काम. टेबलावर एकेक नाडी दिसायला लागली. मोठ्या सिस्टर चादर बदलत होत्या, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, नवे मालक वॉर्ड रिकामा करून रंग काढणार आहेत म्हणे. मी म्हटलं, असेल. त्या म्हणाल्या, रंग चांगला असतो. मी ओल्या चादरीचं एक टोक धरलं आणि त्यांच्याबरोबर ती गोळा करू लागले.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आई दाराशी पिशवीवर हात ठेवून बसली होती. मी समोर बसले. मी तिच्याकडे बघत होते आणि डोक्यात सकाळचंच फिरत होतं. मी समजतेय ती माझ्या घरात आहे. ती समजतेय ती बाहेर आहे. मी हाक मारते, ती तिला ऐकू येते, तिला ओ द्यायची आहे, सभ्यपणे, पण तिचं दार तिच्या निम्म्यात राहिलेलंच नाही. तिचा आकडा चुकला असं मी धरून चालले होते. पण दोन यंत्रं असली की चूक कुणाची हे एका यंत्राला आतून कळत नाही, दोन्ही आपापल्या जागी बरोबरच असतात. आणि खरं सांगायचं तर चार महिन्यांत मीच किती वेळा तिला आतलं धरलं? मी तिला न्हाऊ घालते, औषधं देते, नखं कापते, आणि हे करताना मनात दिवस मोजते. अठरा राहिले. सतरा. बादली उजवीकडे ठेवायला तशी काही अडचण नव्हती, पण ती डावीकडे ठेवायलाही काही अडचण नव्हती. चार महिने ती रोज पुटपुटत होती आणि मी रोज बाहेर उभी राहून ऐकत होते. तेव्हा उठून मी बादली डावीकडे ठेवून आले. दुसऱ्या दिवशी तिने हात उजवीकडे नेला.

रविवारी दादा आणि धाकटी दोघं आली, दुपारी जेवण आटोपून. आईचं पुढचं ठरवायचं होतं. आईला खिडकीशी बसवलं होतं, ती खालच्या रस्त्यावरच्या सायकली बघत होती. दादा म्हणाला, मी नेलंच असतं एक तारखेला, पण घराला रंग काढलाय, आणि तिला वासाचा त्रास होतो. मी त्याच्या हातांकडे पाहिलं. रंग काढलेल्या घरातल्या माणसाच्या नखांत कुठेतरी पांढरं दिसतं. धाकटी म्हणाली, ताई, आमची लिफ्ट बंद आहे गं, आणि दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करतोय. मी म्हटलं, माझ्या कामाच्या वेळा बदलल्यात, नवे मालक आहेत. हेही खरं होतं, जेवढं रंगाचं आणि लिफ्टचं खरं असेल तेवढं. आम्ही तिघंही फार समजूतदारपणे एकमेकांच्या अडचणी ऐकून घेत होतो, कारण कुणी कुणाची अडचण उलटून पाहिली असती तर आपलीही उलटून पाहावी लागली असती. माझ्या मनात आपोआप मांडणी होत होती. दादाकडे तीन खोल्या, धाकटीकडे अडीच, माझ्याकडे दोन. माणसं सगळी मिळून किती, जागा सगळी मिळून किती. उरते आहे. भरपूर उरते आहे. फक्त एका ठिकाणी उरत नाही. मग दादा चष्मा पुसत म्हणाला, तो पलंग अजून रिकामा आहे का, म्हणाली होतीस तो. धाकटीने एकदम चहाचे कप गोळा करायला घेतले. मी म्हटलं, आहे, पण त्या वॉर्डचंच नक्की नाही, रंग काढणार आहेत. हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला इतकं हसू आलं की मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. दादा म्हणाला, मग बघू, विचारून ठेव. काहीच ठरलं नाही, आणि जे ठरलं होतं ते कुणी उच्चारलं नाही. जाताना दादा आईच्या पाया पडला, धाकटीने तिचा गाल कुरवाळला. आई दारापर्यंत त्यांना पोचवायला आली, हात जोडून म्हणाली, परत या हं, बरं वाटलं. धाकटी जिन्यावर रडली. मला वरून ऐकू आलं.

मी गच्चीतल्या दोरीवरून चादर काढून आणली. एकटीने घडी करायची माझी पद्धत आहे, हनुवटीखाली मधला भाग धरते. पण आई उठली, पुढे आली आणि तिने दोन टोकं हातात घेतली. कुणी सांगितलं नाही. मागे सरकली, ताण दिला, एवढा जोर तिच्या मनगटात कुठून आला कोण जाणे, माझंच टोक निसटलं. तिने वाट पाहिली. मी पुन्हा धरलं. टोकाला टोक. मी एक पाऊल पुढे, ती एक पाऊल पुढे. अर्धी. परत टोकाला टोक. मी मोजत होते, मला मोजल्याशिवाय घडी करताच येत नाही आता. शेवटच्या घडीला तिची बोटं माझ्या बोटांवर आली आणि तिचं तोंड माझ्या तोंडासमोर. कातडी कागदासारखी, डाव्या भुवईत एकच काळा केस. तिने चादर उचलून घेतली नाही. माझी बोटं तशीच धरून ठेवली आणि आवाज खाली आणून, कुणी ऐकेल की काय अशा बेताने म्हणाली, “खूप दिवस झाले मी तुमच्याकडे राहतेय. संकोच वाटतो हो. जवळच माझी मुलगी राहते. टेलिफोनवर असते ती. तिच्याकडे पोचवाल का मला? तिच्याकडे जागा आहे.”

खाली सायकलची घंटी वाजली. मला म्हणता आलं असतं, मीच ती. यापूर्वी म्हणाले आहे, दादाही म्हणाला आहे, आणि ती दर वेळी हसून हो हो म्हणते, पाहुण्याने म्हणावं तसं. मला म्हणता आलं असतं, लिफ्ट बंद आहे. माझ्या हातांवर तिचे हात होते, त्यांना आता औषधाचा वास येत होता आणि खाली थोडासा सोड्याचाही, का मला वाटला.

“जागा आहे तिच्याकडे,” मी म्हटलं. “जागेचं काही नाही. तिला आता तुमचं करवत नाही.”

आईने चादर माझ्या हातातून घेतली, छातीशी धरली आणि वरून तळहात फिरवून सुरकुती काढली.

“मग तसं म्हणायचं तिनं,” ती म्हणाली. “कधीपासून वाट बघतेय मी.”